समुद्राच्या तळाशी बसतो तो गाळ, साका की अवसाद?

प्रश्न नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंचा आहे. त्या एका मासिकासाठी समुद्रविज्ञानावर लेख लिहितायत, त्यांची भाची गोव्याला याच विषयात शिकते, माहिती सगळी तिची, आणि लेखात ‘मरीन सेडिमेंट’ हा शब्द पानोपानी येतो. ताईंनी आधी परिभाषेतला ‘अवसाद’ वापरला, तर संपादक म्हणाले की लोक त्याचा अर्थ डिप्रेशन असा घेतील. मग ‘गाळ’ केलं तर भाची नाराज, तिचं म्हणणं गाळ म्हणजे गटारातनं काढतात ती घाण, आम्ही जे मायक्रोस्कोपखाली बघतो त्याला गाळ कसं म्हणायचं. तर यातलं बरोबर काय, असं ताईंनी विचारलंय.

ताई, गाळच लिहा. अवसाद चुकीचा नाहीये, उलट शब्द म्हणून तो फार देखणा आहे, त्याच्याकडे येतोच, पण आधी गाळाबद्दल, कारण नाशिकच्या माणसाला गाळ हा शब्द घाण वाटावा हे मला काही पटत नाही.

मी पंचवटीत वाढलो. आपल्याकडे गोदावरी कोणी म्हणत नाही, गंगा म्हणतात, गंगेला पूर आला, गंगेवर जाऊन येतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गंगेच्या पात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला होता तेव्हाचं आठवत असेल. पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी घाटावर गेलो तर पायऱ्यांवर सगळीकडे काळपट साय धरल्यासारखी बसलेली, आणि दोनतीन दिवसांनी ऊन पडल्यावर तिला भेगा पडून खपल्या सुटायला लागल्या. एक खपली उचलून कडेनं बघितली. खाली जाडसर वाळू, तिच्यावर बारीक वाळू, आणि सगळ्यात वर मैद्यासारखं मऊ पीठ. जड कण आधी खाली बसले आणि हलके मागाहून सावकाश. समुद्रतळाचा गाळ वाचणारे लोक नेमकं हेच वाचत असतात, फक्त त्यांची खपली काही मीटर, कधीकधी शेकडो मीटर जाड असते.

आणि ते पीठ कशाचं, तर आपल्याच काळ्या कातळाचं. ब्रह्मगिरी, अंजनेरी, सगळा हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, तो झिजतो, त्याची काळी माती होते, ती पावसात नदीत येते आणि १४६५ किलोमीटर वाहत जाऊन राजमहेंद्रीच्या खाली बंगालच्या उपसागरात पडते. अर्थात आता सगळी जात नाही, वाटेत गंगापूर धरण आहे, नांदूरमधमेश्वर आहे, जायकवाडी आहे. नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यात तर इतका गाळ साठला की मधे बेटं झाली, त्यावर पाणवनस्पती आल्या, मग पक्षी आले आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, तेच झालं. म्हणजे गाळ नसता तर ते पक्षी नसते. निफाडच्या शेतकऱ्याला विचारा गाळ म्हणजे काय, तो घाण नाही म्हणणार, तो शेतात टाकायच्या गाळाच्या ट्रॉलीचा भाव सांगेल. सरकारनं २०१७ मध्ये योजना आणली तिचं नावच ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’. धरणाचं पाणी हटल्यावर उघड्या पडलेल्या जमिनीत पेरतात तिला गाळपेर म्हणतात. ‘धंदा गाळात गेला’ असंही आपण म्हणतो हे खरं, पण तिथे त्रास रुतण्याचा आहे, घाणीचा नाही.

आता शब्दाची घडण बघा. गळणे म्हणजे थेंब थेंब खाली येणे, त्याचं प्रयोजक रूप गाळणे, आणि त्याच घरातला गाळ. हातपाय गळाले, पानं गळाली, तेच गळणं. आणि अवसादात काय आहे? अव म्हणजे खाली आणि सद् म्हणजे बसणे. सभासद, संसद, परिषद यातला हाच सद्. लॅटिनमध्ये बसण्याला जे क्रियापद आहे, ज्यावरून इंग्रजी सेडिमेंट आला, ते आणि आपला सद् हे मुळात एकाच आदिम धातूचे, म्हणजे सेडिमेंट आणि अवसाद हे चुलतभाऊच. खाली बसलेलं मन म्हणून अवसादाचा अर्थ खिन्नता असा झाला, हिंदीत डिप्रेशनला तोच शब्द रूढ झाला आणि हिंदी बातम्या ऐकून आपल्याकडेही आता तोच अर्थ आधी डोक्यात येतो. संपादकांची भीती म्हणून खरी आहे.

पण मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. सद् ला प्र लावला की प्रसाद आणि प्रसन्न. संस्कृतात प्रसन्न पाणी म्हणजे नितळ पाणी, निवळलेलं. गढूळ पाण्यात निवळीचं बी उगाळून घालायची जुनी पद्धत आहे, त्या फळाला संस्कृतात ‘अंबुप्रसादक’ म्हटलंय, पाण्याला प्रसन्न करणारं. म्हणजे गढूळ पाण्याचा हंडा स्थिर ठेवला की वर राहतं ते प्रसन्न आणि तळाला जातो तो अवसाद, दोन्ही एकाच धातूची लेकरं. हे कळलं तेव्हा मी दोन दिवस घरात सगळ्यांना तेच सांगत होतो.

तरीही लेखात गाळच, कारण लेख वाचणाऱ्याला अवसादाची ही कुळकथा माहीत नसणार, आणि चालू वाक्यात शब्द अडला की माणूस पुढचं सोडून देतो. शाळेच्या पुस्तकात ‘गाळाचे खडक’ वाचून आपण मोठे झालो, अवसादी खडक म्हटलं तर कोणालाही क्षणभर थांबावं लागतं.

एक खरी अडचण मात्र आहे आणि ती भाचीनं काढली नाही तरी मी काढतो. गाळ म्हटलं की वाहत्या पाण्यानं आणलेला असं डोळ्यापुढे येतं. समुद्रात तसा गाळ किनाऱ्याजवळ आणि नद्यांच्या मुखापुढे असतोच, पण तळाशी जे बसतं त्यातलं पुष्कळसं नदीनं आणलेलं नसतं. अरबी समुद्रात अरबस्तानातली धूळ वाऱ्याबरोबर येऊन पडते, म्हणजे हवेतनं आलेला गाळ. खोल समुद्रात फोरामिनिफेरा नावाचे वाळूच्या कणाएवढे जीव असतात, ते मेले की त्यांची चुन्याची कवचं हळूहळू खाली जातात, तळाच्या थरात अशा सूक्ष्म जीवांच्या कवचांचं प्रमाण ३० टक्क्यांच्या वर गेलं की शास्त्रज्ञ त्याला वेगळं नाव देतात, ऊझ. माझ्या मते इथेही गाळच लिहावं आणि पुढे कशाचा ते सांगावं, नदीचा गाळ, धुळीचा गाळ, कवचांचा गाळ. मराठीला ही सवय आहे, पीठ म्हटलं की कशाचं ते सांगतोच ना आपण.

फक्त एका प्रकाराला गाळ म्हणू नका, पाण्यात विरघळलेलं जे पाण्यातूनच घट्ट होऊन बाहेर येतं त्याला. तिथे ‘साका’ हा शब्द आहे. माझ्या मामांची पिंपळगावला द्राक्षबाग आहे, लहानपणी सुट्टीत बोर्डोचा, म्हणजे बागेवर फवारायच्या बुरशीनाशकाचा ड्रम ढवळायचं काम माझ्याकडे असायचं. मोरचुदाचं पाणी निळं आणि पारदर्शक, त्यात चुन्याचं पाणी पडलं की बघता बघता ते आकाशी रंगाचं दाट होतं, आणि पाच मिनिटं काठी थांबली की मामा ओरडायचे, ‘अरे साका बसेल, नोझल चोक होईल.’ ड्रमात कोणी माती टाकली नव्हती, दोन पाण्यांतूनच ते तयार झालं होतं. रसायनशास्त्राच्या पुस्तकात याला अवक्षेप म्हणतात, तो शब्दही ठीक आहे, पण साका बोटाला लागतो. समुद्रतळावर मँगनीजचे बटाट्याएवढे गोटे सापडतात ते असे बनतात, विरघळलेले धातू एखाद्या दातावर नाहीतर कवचाच्या तुकड्यावर थर थर बसत जातात, दहा लाख वर्षांत काही मिलिमीटर एवढ्या वेगानं. भारतानं पहिले गोटे वर काढले २६ जानेवारी १९८१ ला, ‘गवेषणी’ या जहाजावरून, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं जहाज होतं ते. जहाजाचं नाव कोणी ठेवलं माहीत नाही पण ज्यानं ठेवलं त्याला भाषेचा कान होता, कारण गवेषणा म्हणजे मुळात गो अधिक एषणा, हरवलेली गाय शोधत फिरणं. तळापासून चार पाच किलोमीटर वर पाण्यावर तरंगत, न दिसणाऱ्या तळावरची वस्तू शोधायची, याला गवेषणेहून चांगला शब्द मला तरी सुचत नाही.

ताईंनी लेखाचा एक परिच्छेद पाठवलाय त्यात अजून दोन ठिकाणी शब्द बदलावे लागतील. पहिला ‘गाभा’. सेडिमेंट कोअरचं भाषांतर गाभा केलंय, पण गाभा म्हणजे आतला मधला भाग, फणसाचा, केळीचा. कोअर तसा नसतो. लांब नळी तळात उभी खुपसतात आणि आतल्या थरांसकट वर ओढतात, निघतं ते उसाच्या कांड्यासारखं. ‘गाळाचं कांडं’ म्हणा, एकदा सांगून टाका की याला कोअर म्हणतात आणि पुढे कांडं किंवा कोअर काहीही चालवा. आपल्या गंगेच्या मुखापुढच्या समुद्रातलं असं एक कांडं २००६ मध्ये काढलं होतं. २०१२ मध्ये त्यावरचा अभ्यास आला, त्यात जमिनीवरच्या झाडांच्या पानांवर मेणासारखा जो थर असतो तो त्या गाळात शोधून गोदावरीच्या खोऱ्यात गेल्या दहाएक हजार वर्षांत कुठल्या प्रकारची झाडझाडोरा वाढत होती ते काढलं, आणि साधारण चार हजार वर्षांपूर्वीपासून आपला भाग कोरडा होत गेला असं दिसलं. २०१७ मध्ये त्याच कांड्यावर पुन्हा काम झालं, तेव्हा दिसलं की त्याच सुमारापासून दख्खनच्या काळ्या कातळाची माती समुद्रात जास्त येऊ लागली, आणि त्याचा संबंध जमिनीवरचं झाडांचं पांघरूण कमी होण्याशी आणि शेती वाढण्याशी लावलाय. आपल्या वरच्या अंगाच्या शेतांची नोंद पार बंगालच्या उपसागरात पडून आहे, ताई, हे लेखात घ्याच, नाशिकचा वाचक इथेच थांबून वाचेल.

दुसरा शब्द ‘क्षारता’, आणि इथे चूक अर्थाची आहे म्हणून जास्त गंभीर. तुमच्या परिच्छेदात ‘कार्बन डायऑक्साइडमुळे समुद्राची क्षारता कमी होते’ असं आलंय. हे हिंदीवरून घेतलेलं दिसतंय. हिंदीत क्षार म्हणजे अल्कली आणि मिठाला लवण. मराठीत मात्र आम्लाच्या उलट ते आम्लारी, आणि क्षार म्हणजे मीठ. त्यामुळे मराठी वाचक क्षारता म्हटल्यावर खारटपणा समजणार, भूगोलात आपण तेच शिकलोय, समुद्राची सरासरी क्षारता दर हजारी ३५, बंगालच्या उपसागरात नद्यांमुळे कमी आणि अरबी समुद्रात जास्त. तुमचं वाक्य वाचून त्याला वाटेल समुद्र गोडा होतोय. म्हणायचंय ते असं की समुद्राचं पाणी किंचित आम्लाकडे सरकतंय, उद्योगयुग सुरू झाल्यापासून पीएच, म्हणजे आम्लपणाचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त, साधारण ८.२ वरून ८.१ वर आलाय, दिसायला फरक छोटा पण हे मोजमाप लॉगचं, म्हणजे एक अंक उतरला की दहापट फरक, असल्यामुळे हायड्रोजन आयन जवळपास तीस टक्क्यांनी वाढले. ‘समुद्राचं आम्लीकरण’ लिहा.

ते समजवायला चुन्याची निवळी वापरा, शब्दही आपलाच आणि प्रयोग सगळ्यांनी शाळेत केलेला. निवळीत स्ट्रॉनं फुंकलं की ती दुधासारखी पांढरी होते, चुनखडीचा साका धरतो. पण पुढचं शाळेत बहुतेक वेळा करत नाहीत, फुंकतच राहिलं तर तो पांढरेपणा परत विरघळून पाणी नितळ होतं. कार्बन डायऑक्साइड जास्त झाला की चुना टिकत नाही. खोल समुद्रात हे कायमच चालू असतं, साधारण साडेचार किलोमीटरच्या खाली पाणी असं असतं की वरून पडणारी चुन्याची कवचं तळावर टिकत नाहीत, विरघळून जातात, आणि खाली उरते नुसती तांबूस माती, तीही हजार वर्षांत जेमतेम मिलिमीटरभर. वरचा समुद्र आम्लाकडे सरकला तर जिवंत जीवांनाच कवच बांधणं जड जातं, ही काळजीची गोष्ट आहे.

वाऱ्यांचं तुम्ही विचारलं नव्हतं, पण लेखात ‘समुद्री समीर’ आणि ‘स्थलीय समीर’ आलेत ते काढाच. समुद्रावरून येतात ते खारे वारे, जमिनीवरून जातात ते मतलई वारे, इतके चांगले शब्द असताना समीर कशाला.

तुमचं मूळ वाक्य होतं, ‘उपसागरीय अवसादाच्या गाभ्याचे विश्लेषण करून भूतकालीन पर्जन्यमानाचे आकलन होते.’ मी असं लिहीन: ‘बंगालच्या उपसागराच्या तळातून गाळाचं कांडं काढून थराथरानं तपासलं की गोदावरीच्या खोऱ्यात पूर्वी पाऊसपाणी कसं होतं ते कळतं.’ अवसाद हवाच असेल तर पहिल्यांदा गाळ आला की तिथेच एकदा सांगा, शास्त्राच्या पुस्तकात याला अवसाद म्हणतात म्हणून. आणि भाचीला पावसाळ्यात नाशिकला आली की पूर ओसरल्यावर गंगेवर घेऊन जा, एक खपली कडेनं बघू दे तिला.