प्रथमा विभक्तीत यानाचं कुठलंही नाव छान दिसतं

भाऊ, तुम्ही लिहिलंय की शहाद्यात बसून अंतराळयुद्धाची दीर्घकथा लिहिताय, मित्र त्याच कथेवर मोबाइल गेम करतोय, आणि ताफ्यातल्या यानांची नावं ब्रह्मास्त्र, पाशुपतास्त्र, नागास्त्र, अग्निबाण अशी असल्यामुळे वाचणाऱ्याला कुठलं यान कुठलं ते कळत नाही. इथवर ठीक होतं. पण बाकी दोन यानांना आपल्याकडच्या नद्यांची नावं दिलीत, तर ज्या अंकाला कथा द्यायची तिथून 'गिरणा आणि अनेर ही दोन नावं गावठी वाटतात, बदला' असा निरोप आलाय, हे वाचलं आणि माझं जुनं दुखणं वर आलं. म्हणून हे लांबण.

आधीच सांगतो, मी नावाजलेला लेखक वगैरे नाही. नोकरी सांभाळून लिहिणारा माणूस. गेमचं तर हौसेपुरतंच कळतं. नाव सोपं असावं, दोन नावं एकाच अक्षराने सुरू होऊ नयेत, हे तुम्हाला ठाऊक असणारच, त्यात जात नाही.

माझ्या कथेतल्या यानाचं नावही गिरणाच होतं. कथा एका दिवाळी अंकाकडे दिली. कुठल्या ते विचारू नका, सांगणार नाही. कथा स्वीकारल्याचं पत्र आलं, पुढे काही नाही, थेट अंकच हातात. उघडून बघतो तर यानाचं नाव वज्रास्त्र! कुणीतरी संगणकावर 'गिरणा' शोधून त्या जागी 'वज्रास्त्र' टाकून दिलं होतं, सगळीकडे, एका फटक्यात.

आता मराठीत काय होतं बघा. 'गिरणा निघाली' मधलं गिरणा बदललं, तिथे 'वज्रास्त्र निघाली' झालं. पण 'गिरणेवर', 'गिरणेचं इंजिन', 'गिरणेला हाक दिली' यांत 'गिरणा' ही अक्षरं सलग येतच नाहीत, त्यामुळे ती तशीच राहिली. परिणाम असा की कथेत दोन यानं झाली. एक वज्रास्त्र, जे नुसतं निघतं, थांबतं आणि वळतं. आणि दुसरी गिरणा, जिच्यावर सगळे चढतात, पण ती स्वतः कधीच काही करत नाही. शिवाय नायक चाळीसगावकडचा, त्याच्या लहानपणच्या आठवणीत खरी नदी होती. तिथे छापून आलं, 'त्या उन्हाळ्यात वज्रास्त्र पार आटली होती' आणि 'आम्ही सायकलीने वज्रास्त्र धरणावर जायचो.' गल्लीतल्या एका काकूंनी अंक वाचला. त्यानंतर दिसलो की हाक ठरलेली: "वज्रास्त्र आटनी का रे भो?"

फोन केला. पलीकडचे गृहस्थ शांतपणे म्हणाले, हा संपादकीय संस्कार आहे. प्रूफ का नाही पाठवलं विचारलं तर 'वेळ नव्हता'. दुरुस्ती छापा म्हटलं तर 'आमच्याकडे तसा रिवाज नाही'. वर ऐकवलं की नदीचं नाव युद्धनौकेला शोभत नाही, बायकी वाटतं. अहो, गोदावरी, गंगा आणि गोमती या आपल्या नौदलाच्या फ्रिगेट होत्या! गोदावरी १९८३ मध्ये दाखल झाली आणि त्या वर्गालाच तिचं नाव आहे. हे सांगितल्यावर फोन ठेवला गेला. पुढे एका प्रकाशकाने कथासंग्रहासाठी नमुना मागितला होता, त्याने छापील कथाच वाचली आणि 'मांडणी गोंधळलेली आहे' म्हणून संग्रह परत केला. पुन्हा मूळ हस्तलिखित पाठवायचा उत्साह राहिला नाही. असो, विषयावर येतो.

माझं ठाम मत असं की नाव प्रथमेत, म्हणजे प्रत्यय न लावता, निवडूच नये. प्रत्येक नावाला चा, ला, वर, हून लावून मोठ्याने म्हणा. 'पाशुपतास्त्राच्या डाव्या इंजिनातून नागास्त्राकडे वायू सोडा' हे वाक्य कप्तान गोळीबारात बोलेल का? 'अनेरकडे वायू सोडा' बोलेल. शिवाय अस्त्र हे नपुंसकलिंगी आणि अग्निबाण पुल्लिंगी, म्हणजे एका ताफ्यात एक यान निघतं आणि दुसरा निघतो. चालेल, पण ते ठरवून करा.

मित्राला तर हे आधी दाखवा. गेममध्ये '(नाव) नष्ट झाली' असं पक्कं वाक्य ठेवून नाव बदलत गेलात की फजिती ठरलेली. दोन उपाय आहेत. '(नाव) हे यान नष्ट झालं' असं लिहा, म्हणजे लिंग यानाचं लागतं आणि नाव काहीही चालतं. किंवा ज्यांचं सामान्यरूप होत नाही, म्हणजे प्रत्यय लावताना जी बदलत नाहीत, अशी नावं घ्या. उच्चारात व्यंजनावर संपणारी गावांची नावं यात सोन्यासारखी: थाळनेरला, लळिंगवर, सोनगीरहून, भामेरचा. पांझरा नदी घेतलीत की पांझरेला, पांझरेवर करावं लागेल, आणि ते संगणकाला आपोआप जमत नाही. थाळनेर वगैरे चारही आपल्या खानदेशातले किल्ले, लढाऊ यानांना शोभतात आणि गावठी म्हणणाऱ्याने थाळनेर ही फारुकी सुलतानांची जुनी राजधानी होती हे वाचावं.

सगळी नावं एकाच पेटीतून काढू नका, पण वाटेल तशीही नकोत. नौदल वर्ग पाडतं. तलवार, त्रिशूल, तबर ही शस्त्रं एका वर्गात. कोलकाता, कोची, चेन्नई ही शहरं दुसऱ्यात. शिवालिक, सातपुडा, सह्याद्री हे डोंगर तिसऱ्यात. वाचकाला नुसत्या नावावरून यानाची जात कळते. तुमच्या जागी मी असतो तर मुख्य वाहक यान तापी ठेवलं असतं आणि त्याला येऊन जोडली जाणारी छोटी यानं गिरणा, वाघूर, पांझरा, अनेर, गोमाई. कोणती नदी कोणाला मिळते हे खानदेशी वाचकाला सांगावंच लागत नाही. गोमाई प्रकाशा गावाजवळ तापीला मिळते हे तर तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. फक्त मालवाहू यानाला बोरी नदीचं नाव देऊ नका. 'बोरीत माल भरला' म्हटलं की यान डोळ्यांपुढे येत नाही, पोतं येतं.

नाव कोण ठेवतं याचाही विचार करा. सरकारी यान असेल तर समिती ठेवणार. खासगी मालवाहूचं नाव मालक ठेवणार, आणि रावेर-सावद्याहून केळी भरून दिल्लीला निघालेला ट्रक पाहिलात तर कळेल काय ठेवणार: कपाळावर मनुदेवी प्रसन्न, मागे पोरांची नावं. माझ्या मते असं एक तरी यान ताफ्यात हवंच. आणि चालक दल स्वतः ठेवतं ते नाव वेगळंच. नासाने १९६५ च्या जेमिनी ३ या मोहिमेनंतर अंतराळवीरांना यानाला नाव ठेवू देणं बंद केलं होतं. पण १९६९ मध्ये अपोलो ९ ची दोन यानं एकमेकांपासून सुटी होणार होती, रेडिओवर दोघांनाही अपोलो ९ कसं म्हणणार? मग एकाला गमड्रॉप म्हणजे खायची गोड गोळी, आणि पायांमुळे दुसऱ्याला स्पायडर म्हणजे कोळी. रशियनांनी हाकेचं नाव यानापेक्षा माणसालाच दिलं. गागारिन व्होस्तोकमध्ये होता, पण रेडिओवर तो केद्र, म्हणजे देवदाराच्या जातीचं झाड. कथेत हे फार कामाला येतं. कागदावर पाशुपतास्त्र राहू द्या हवं तर, दलाने त्याला 'पाशा' म्हणावं.

शास्त्रज्ञांची नावं हवी असतील तर लांब जाऊ नका. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला होता, तिथला शिलालेख प्रसिद्ध आहे. १९७९ आणि १९८१ मध्ये सोडलेल्या इस्रोच्या उपग्रहांचं नाव भास्कर होतंच, म्हणून तुम्ही चांगदेव घ्या. मात्र मुक्ताईनगरकडचे वाचक योगी चांगदेवच समजतील, कथेत एक ओळ खर्च करावी लागेल.

तुम्ही शेवटी विचारलंत की खऱ्या युद्धनौकेचं नाव घेतलं तर अडचण येते का. मी वकील नाही, जाणकाराला विचाराच, पण सातपुडा हा डोंगर आहे, नाव कुणाच्या सातबाऱ्यावर नाही. फक्त नावाआधी 'आयएनएस' लावू नका, वाचक खरी नौका समजेल. गेमच्या शीर्षकाचं मात्र वेगळं आहे. ते ठरवण्याआधी ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग ९ (सॉफ्टवेअर) आणि वर्ग ४१ (मनोरंजन) मध्ये शोधून बघा, शोधायला पैसे पडत नाहीत.

आणि त्या अंकाला कथा देणारच असाल तर सोबतच्या पत्रात लिहा: नावं बदलायची असल्यास आधी कळवावं, छपाईपूर्वी पीडीएफ पाठवावी, नाहीतर कथा परत करावी. ईमेलवरच लिहा, फोनवर नको.