आरएल नाही, नकाशा नाही, तरी घर सुरू करू का?

भाऊ, तुमचं थोडक्यात असं आहे. नागपुरात दिघोरीकडे 1200 फुटाचा सोसायटीचा प्लॉट, विक्रीपत्र आहे पण आरएल, म्हणजे प्लॉट नियमित केल्याचं पत्र (रेग्युलरायझेशन लेटर) नाही, घराला 25 लाख लागतात, एफडी 9 लाखाची, पगार हातात 55 हजार, घरभाडं 9 हजार. अन् ठेकेदार म्हणतो आरएल आणि नकाशाचे दोन लाख कशाला घालवता, इथं सगळ्यांनी असंच बांधलं, उरलेल्या 16 लाखाचं पर्सनल लोन घ्या.

नका करू बाप्पा. कायद्याचं बाजूला ठेवा, फक्त हप्ता बघा. 16 लाख, 14 टक्के धरा, पाच वर्षं, हप्ता बसतो 37,200 च्या आसपास. त्यात घर होईपर्यंत भाडं 9 हजार, म्हणजे 46 गेले, राहिले नऊ, त्यात किराणा, पोरांची फी, गाडीचं पेट्रोल, कसं भागवणार? आता ते दोन लाख भरले असं समजा, लोन 18 लाखाचं झालं, पण मंजूर नकाशा असल्यामुळे होम लोन मिळतं, साडेआठ टक्क्यानं 20 वर्षांचा हप्ता 15,600. ठेकेदार वाचत असेल तर म्हणेल 20 वर्षांत व्याजच साडेएकोणीस लाख जातं, पर्सनलला सव्वासहाच, आणि ते खरंही आहे. पण फ्लोटिंग होम लोनला मधेच पैसे भरले तर दंड नाही, बोनस आला की टाका, मुदत भराभर खाली येते. पर्सनल लोनचा 37 हजाराचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून पाच वर्षं भरावाच लागतो.

आधी आरएलचं बघा. गुंठेवारी कायद्यात (मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेले प्लॉट नियमित करायचा कायदा) 2021 च्या दुरुस्तीनंतर 31 डिसेंबर 2020 पर्यंतचे लेआउट बसतात, तेव्हा तुमचा लेआउट कधीचा आणि फाइल नागपूर सुधार प्रन्यासकडे (एनआयटी) की मनपाकडे हे पक्कं करा, विक्रीपत्र, कब्जापत्र, लेआउटचा नकाशा सोबत न्या. एकदा आरएल हातात आलं की पुढचं सोपं आहे, तुमचा प्लॉट 111 चौरस मीटरच भरतो, आणि 2020 च्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत, 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला आर्किटेक्टमार्फत नकाशा सादर करून फी भरली की काम सुरू करता येतं. कामगार उपकर, म्हणजे बांधकाम खर्चाच्या 1 टक्का, तुमच्या 25 लाखाच्या घराला आता लागू नये. स्वतःच्या घराला सूट आधी 10 लाखापर्यंतच होती, नोव्हेंबर 2025 पासून ती 50 लाखापर्यंत आहे.

उशिराचाही खर्च आहे, सहा महिने गेले तर 54 हजार भाडं, तेवढं सोसा.

आणि एफडी आत्ता मोडू नका. आरएलच्या शुल्काची डिमांड (भरणा नोटीस) आली की एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी न मोडता तिच्यावर उचल, घेऊन भरा, कारण बँक लोन टप्प्याटप्प्यानं देते आणि सुरुवातीला तुमचा वाटा लावायला सांगते, प्लिंथपर्यंत (जोत्यापर्यंत) तुमचेच पैसे लागणार. ठेकेदारानं ॲडव्हान्स मागितला असेल तर सांगा, नकाशाची पावती आल्यावर.