पटणे आणि विश्वास ठेवणे

प्रश्न : मी 27 वर्षांची, वसईची, जन्माने कॅथलिक. एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्राचे काम करते. वर्षभराच्या वाचनानंतर येशू थोर माणूस होता एवढेच मला पटते. तो देव होता याचा पुरावा मला सापडत नाही. त्याला देव ठरवले ते 325 सालच्या परिषदेने, असेही वाचले. पुढच्या महिन्यात भावाच्या मुलीचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, आहे आणि मी तिची धर्ममाता (श्रद्धेच्या वाटेवर बाळाला सोबत करणारी) व्हावे अशी त्याची इच्छा आहे. आईला शंका सांगितली, तेव्हा तिने जपमाळ मध्येच थांबवली आणि ‘देवाकडे पुरावे मागायचे नसतात’ एवढेच म्हणाली. तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही. त्या दिवशी मी खोटे बोलू का?

उत्तर :

प्रिय भगिनी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. नाही, खोटे बोलू नका. स्नानसंस्काराच्या वेळी आईवडिलांना आणि धर्ममातापित्यांना जे प्रश्न विचारले जातात, त्यांत देवाचा एकुलता एक पुत्र येशू ख्रिस्त याच्यावर तुमचा विश्वास आहे का, हाही असतो, आणि त्याचे उत्तर बाळाच्या वतीने नव्हे, तर स्वतःच्या नावाने द्यायचे असते. ज्या प्रश्नाने तुमची झोप उडवली आहे, त्याला चारचौघांदेखत नुसता होकार देऊन मोकळे झालात, तर तो होकार पुढे कित्येक वर्षे तुम्हालाच टोचत राहील.

मात्र तुम्ही वाचलेली 325 सालची गोष्ट अर्धवट आहे. निकेयाच्या त्या परिषदेत वाद होता तो अरियस या धर्मगुरूच्या मताचा. पुत्र, म्हणजे येशू, सर्व सृष्टीच्या आधीचा खरा, पण तोही निर्माण केलेलाच, असे त्याचे म्हणणे होते. परिषदेने ते नाकारून पुत्र पित्याशी एकतत्त्व असल्याचे ठरवले. येशूची उपासना दोन्ही बाजूंचे लोक आधीपासूनच करत होते. 112 सालाच्या सुमारास प्लिनी या रोमन अधिकाऱ्याने सम्राट त्राजानला कळवले होते की, हे लोक पहाटेपूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून त्याची स्तोत्रे गातात. त्याहूनही जुना धागा येशूचा प्रेषित पौल याच्या पत्रात आहे. 55 सालाच्या सुमारास त्याने करिंथ शहरातील ख्रिस्ती लोकांना ग्रीक भाषेत पत्र लिहिले आणि अखेरीस ‘मारानाथा’, म्हणजे ‘आमच्या प्रभो, ये’, हे अरामी बोल भाषांतर न करता तसेच ठेवले. आपल्या मराठी प्रार्थनेत ‘आमेन’ जसा राहिला, तसेच हे. ओठांवर आधीच रुळलेले बोलच असे परभाषेत टिकून राहतात. येशूच्या मृत्यूला तेव्हा तीस वर्षेही झाली नव्हती, आणि त्याची स्वतःची भाषा बोलणारी माणसे त्याला प्रार्थनेत हाक मारत होती.

एवढ्याने सिद्ध काय झाले? त्याच्या अनुयायांनी फार लवकर त्याला प्रभू मानले, इतकेच. ते मानणे बरोबर होते की नाही, हे या कागदपत्रांतून कधीच निघणार नाही. ‘मला उत्तम का म्हणतोस? देवावाचून कोणी उत्तम नाही’ हे मार्कच्या शुभवर्तमानातले येशूचे बोल आहेत आणि ‘मी आणि पिता एक आहोत’ हे योहानाच्या. दोन्ही समोर ठेवून अभ्यासक आजही वाद घालतात. तुमच्या पेट्री डिशमध्ये जे वाढते, ते दुसऱ्या कुणालाही पुन्हा वाढवून पाहता येते. येशूचे देवत्व त्या जातीची गोष्ट नाही, आणि तुम्ही वर्षभर नेमक्या त्याच जातीचा पुरावा शोधत आहात, असे मला वाटते.

आपण मराठीत म्हणतो, गोष्ट पटते. पण विश्वास ठेवतो. पटणे आपल्या हाती नसते, पुरावा पुरेसा झाला की ते आपोआप घडते. ठेवणे मात्र आपण करायचे असते, आणि ते कुणाच्या तरी ठिकाणी करायचे असते. पुराव्याला वाऱ्यावर सोडून विश्वास ठेवावा, असे मी मुळीच म्हणत नाही. येशू नावाचा कोणी झालाच नाही असे इतिहासाने दाखवून दिले असते, तर विश्वास ठेवायला कुणी उरलेच नसते. पुरावा तुम्हाला उंबरठ्यापर्यंत आणतो. आत जायचे की नाही, हे तुम्ही ठरवायचे आहे, आणि आज तुमचे ठरलेले नाही, हे प्रामाणिकपणे म्हणता येते.

आईचे म्हणणे मात्र मला मान्य नाही. येशू मरणातून उठला हे ऐकल्यावर त्याचा शिष्य थोमा याने पुरावाच मागितला होता; क्रुसावरच्या खिळ्यांच्या खुणांत बोट घातल्याशिवाय मानणार नाही, असे तो म्हणाला. त्याला कुणी हाकलले नाही. आठ दिवसांनी त्याला त्या खुणा दाखवल्या गेल्या, आणि ‘माझा प्रभू, माझा देव’ हे उद्गार त्याच्याच तोंडून निघाले. न पाहता विश्वास ठेवणाऱ्यांना धन्य म्हटले आहे ते त्यानंतर.

पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्रैक्य (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) व ख्रिस्ताचे देवत्व या दोन्ही गोष्टींवर सिस्टर जेराल्डिन या जोगिणीशी पत्रांतून निकराने वाद घातला. धर्मगुरू सांगतात म्हणून मान्य करायचे, हे त्यांना कबूल नव्हते. हीच बाई पुढे केडगावला हिब्रू आणि ग्रीक शिकून आयुष्याच्या अखेरपर्यंत बायबलचे मराठी भाषांतर करत राहिली. बाप्तिस्म्यानंतरही शंका घेऊन इतकी वर्षे आत राहता येते, हे त्यांच्याकडे पाहून मला नेहमी वाटते.

या आठवड्यातच भावाला एकटे गाठून सगळे सांगा. स्नानसंस्काराला धर्मपिता किंवा धर्ममाता यांपैकी एक जण असला तरी चालतो, त्यामुळे तुम्ही मागे सरलात म्हणून काही अडणार नाही. त्याआधी तुमच्या धर्मग्रामातील, म्हणजे तुमच्या चर्चच्या, फादरांनाही भेटा आणि ‘मला विश्वास ठेवावासा वाटतो, पण अजून जमत नाही’ हे तुमच्या बाबतीत खरे असेल, तर तसेच सांगा. खरे नसेल, तर तेही सांगा. धर्ममाता झाला नाहीत, तरी बाळाची आत्या तुम्ही आहातच.

आणि आईपाशी वाद नको. तिची जपमाळ पूर्ण होऊ द्या, शेजारी बसा आणि येशूवर तिचा विश्वास कधी बसला, कोणत्या दिवसांत तो तिच्या उपयोगी पडला, एवढेच विचारा.