घरच्या पाळणाघराला झोनिंगचं परमिट लागतं का?

प्रश्न: आम्ही कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमध्ये एचओए (घरमालकांची संघटना) असलेल्या वसाहतीत स्वतःच्या घरात राहतो. माझ्याकडे छोट्या होम डेकेअरचं लायसन्स आहे, आता चौदा मुलांचं घ्यायचंय. एचओएचं पत्र आलंय: घरात व्यवसाय चालणार नाही, शहराचं झोनिंग परमिट (त्या जागेचा असा वापर चालतो अशी परवानगी) दाखवा, परसातलं कुंपण न विचारता बदलू नका. परसात स्विमिंग पूल आहे. पुढच्या वर्षी दुसरीकडे राहायला जाऊन हे घर फक्त मुलांसाठी ठेवायचा विचार आहे.

उत्तर: ताई, या पत्राला घाबरून एकाही पालकाला 'दुसरी सोय बघा' म्हणू नका. पहिल्या दोन मागण्यांना कायद्याचा आधार नाही. 1 जानेवारी 2020 पासून लागू झालेल्या एसबी 234 या राज्याच्या कायद्याने लहान आणि मोठं, दोन्ही होम डेकेअर हा घराचा निवासी वापरच ठरवला. त्याआधी मोठ्या होम डेकेअरसाठी शहरं परमिट मागू शकत होती. आता झोनिंग परमिट नाही आणि शहराच्या बिझनेस लायसन्सची फीही नाही. एचओएच्या नियमांत 'व्यवसाय बंदी' असली तरी होम डेकेअरपुरती ती रद्दबातल आहे. उत्तरात हेल्थ अँड सेफ्टी कोडची 1597.41 आणि 1597.45 ही कलमं लिहा, लायसन्सची प्रत जोडा आणि सर्टिफाइड मेलने पाठवा. चौदा मुलांसाठी राज्याचं मोठं लायसन्स, फायर क्लिअरन्स (अग्निशमन विभागाची मंजुरी) आणि मदतनीस मात्र लागेलच.

तुमचा लायबिलिटी इन्शुरन्स (कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा विमा) असेल, तर त्यात आपलंही नाव घालायला एचओए लेखी सांगू शकते. जादा प्रीमियम त्यांनी भरायचा. ही मागणी आली तर वाद घालू नका.

कुंपणाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. उंची, रंग, लाकूड यांचे जे नियम सगळ्या घरांना आहेत, ते तुम्हालाही आहेत. तेव्हा रीतसर अर्ज करा आणि निर्णय लेखी मागा. सात फुटांपर्यंतच्या कुंपणाला राज्याच्या बिल्डिंग कोडप्रमाणे बांधकाम परमिट लागत नाही, पण शहराची उंचीची मर्यादा वेगळी असते आणि घरासमोर ती बरीच कमी असते. कुंपण शेजाऱ्याच्या हद्दीवरचं असेल तर सिव्हिल कोड 841 प्रमाणे काम सुरू करण्याच्या 30 दिवस आधी त्यांना लेखी कळवा: काय बिघडलंय, काय करणार, खर्च किती, वाटणी कशी. साधारणपणे खर्च निम्मा-निम्मा धरला जातो, पण निव्वळ तुमच्या डेकेअरसाठी उंची वाढवत असाल तर शेजारी हरकत घेऊ शकतात, आणि ती रास्तच म्हणावी लागेल.

खरी काळजी मला पूलची आहे. राज्याचे लायसन्सिंगचे नियम इथे कडक आहेत आणि असायलाच हवेत. पूलभोवती किमान पाच फुटांचं कुंपण हवं, पण त्यातून पाणी दिसलं पाहिजे. फाटक पूलच्या बाजूला नव्हे, बाहेरच्या बाजूला उघडणारं हवं. हात सुटला की ते आपोआप मिटून कडी बसली पाहिजे, आणि कडी फाटकाच्या वरच्या टोकापासून सहा इंचांच्या आत हवी. आजच जाऊन फाटक पूर्ण न उघडता जेमतेम वीतभर उघडून सोडून बघा. बिजागरी सैल असली की नेमकं तेव्हाच ते अर्धवट राहतं. कुंपणाला टेकवलेल्या खुर्च्या, मोठ्या कुंड्या लगेच हलवा. चार वर्षांच्या मुलाला तेवढा आधार पुरतो.

आता पुढच्या वर्षीचा बेत. इथे मी तुम्हाला स्पष्टपणे थांबवतो. वर सांगितलेलं सगळं संरक्षण तुम्ही त्या घरात राहता म्हणून आहे. तुम्ही बाहेर पडलात की ते होम डेकेअर उरत नाही, कायद्याच्या लेखी ते डेकेअर सेंटर, म्हणजे राहत्या घराबाहेरचं पाळणाघर, होतं. मग एसबी 234 चा आधार गेला. निवासी भागात सेंटरला सहसा कंडिशनल यूज परमिट (शहराची अटींवर मिळणारी खास परवानगी) लागतं: शेजाऱ्यांना नोटीस, सुनावणी, पार्किंगचा हिशेब, सकाळ-संध्याकाळ गाड्या कुठे थांबणार याचा आराखडा. एचओएची व्यवसायबंदीही मग तुमच्यावर लागू होऊ शकते. लायसन्स नवं घ्यावं लागतं. दर मुलामागे आत 35 चौरस फूट आणि बाहेर 75 चौरस फूट जागा, म्हणजे चौदा मुलांना बाहेरच 1050 चौरस फूट, आणि खेळाच्या अंगणाला किमान चार फुटांचं कुंपण. पूलने व्यापलेल्या परसात एवढी मोकळी जागा निघते का, हे आधी टेप लावून मोजा. निघत नसेल तर नव्या घराच्या कागदांवर सही करू नका. निघत असेल तरी सहीआधी शहराच्या प्लॅनिंग विभागात तुमच्या पत्त्याला सेंटर चालतं का ते विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.