सोळा तासांचं चलन

“मॅडम, पैसे मागायला गेलं की पुढच्या पिक्चरला बोलवत न्हाईत.”

मी समुपदेशक. कोल्हापुरात शूटिंगवर राबणाऱ्यांकडून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माणूस खुर्चीत बसतानाच ते येणार हे कळतं. स्पॉटदादा, ड्रेसवाले, लाइटवाले, सगळ्यांची काळजी एकच. शिफ्ट बारा तासांची सांगतात, पॅकअप सोळाव्या तासाला होतं. पैसे नव्वद दिवसांनी म्हणतात, आणि ते नव्वद दिवस काही भरत नाहीत.

एका लाइटमनना त्यांच्या बायकोनं आणलं. झोप उडालेली, पोरांवर हात उगारणं सुरू झालेलं, चार महिन्यांचे पैसे अडकलेले.

मी विवेकनिष्ठ विचारांची. भीती आधी तपासून बघते. ही तपासली, तर खरी निघाली. पैसे मागणाऱ्या दोघांना पुढं काम मिळालं नव्हतं. अशा भीतीला मनाचे खेळ म्हणणं हा त्या माणसाचा अपमान आहे. पण त्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा: “हात कसा पसरू?” गाठ तिथं होती.

पाचव्या भेटीत मी विचारलं, “पॅकअपनंतर काय करता?”

“सामान मोजतो. सामानाच्या यादीचं चलन असतंय न्हवं. एक केबल कमी आली तर आमच्या अंगावर.”

“दुसऱ्याकडं राहिलेली केबल मागताना लाज वाटते?”

“लाज कसली? मालकाची वस्तू हाय.”

“आणि तुमचे सोळा तास कुणाचे?”

ते तळहाताकडं बघत राहिले. तापलेल्या लाइटचे जुने चटके होते तिथं. मी घाई केली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाले, “ते कुणी मोजलंच न्हाईत.” एवढ्या वर्षांच्या कामात अशा शांततेत गप्प बसायला मी शिकले, याचं मला समाधान आहे.

पुढच्या भेटीला पोराची जुनी वही आली. तारीख, लोकेशन, कॉलटाइम म्हणजे सेटवर बोलावल्याची वेळ, पॅकअप, दीड शिफ्ट की डबल, गाडीभाडं, सगळं रकान्यांत.

आता मी पहिल्याच भेटीत वही करायला सांगते. रात्री घरी निघताना तेच आकडे प्रॉडक्शनवाल्याला व्हॉट्सअ‍ॅप करा. तक्रारीचा शब्द नको, नुसते आकडे. मागायला एकटे जाऊ नका. एकट्याला गाळता येतं, लाइटची सगळी टीम एकदम गाळली तर शूटिंग अडतं. चित्रपटातल्या कामगाराशी लेखी करार हवा, हे १९८१ सालीच कायद्यात आलंय. तो कागद मागणं म्हणजे उद्धटपणा नव्हे. आणि घरच्यांनी “तुम्हाला मागायलाच जमत नाही” हा टोमणा आधी थांबवावा. माणूस बाहेर दबलेला असतो, घरातही दबला की पोरांवर फुटतो.

ते लाइटमन आणि टीममधले आणखी तिघं, असे चौघं मिळून वही घेऊन गेले. दोन महिन्यांचे पैसे आले. राहिलेल्या दोन महिन्यांसाठी सोमवारी पुन्हा जाणार आहेत.