भावार्थ कसा वाढतो?

गोव्यातल्या फोंड्याहून एका ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांच्या शेजारच्या कॅथलिक बाई रोज सकाळी त्या दिवसाच्या बायबल-वाचनावर कोकणीतून आठ-दहा ओळी मोबाईलवर पाठवतात. मजकूर रोमी, म्हणजे रोमन, लिपीत असतो, म्हणून ताई तो मराठीत करून सासूबाईंना वाचून दाखवतात. सासूबाई रोज हरिपाठ म्हणणाऱ्या, पण आता त्यांना या ओळींचीही सवय झाली आहे. परवा वर लिहिलं होतं ‘आयचो नियाळ’ आणि खाली ‘सोमिया, आमचो भावार्थ वाडय’. सासूबाईंनी विचारलं, “भावार्थ वाढव म्हणजे काय गं? अजून सविस्तर सांग, असं म्हणतायत का देवाला?” ताईंनी त्याच मजकुराचं इंग्रजी रूप मोबाईलला मराठी करायला दिलं, तर त्याने मथळा दिला ‘आजचे प्रतिबिंब’. ताई विचारतात, भावार्थ हा शब्द इथे चुकून आला आहे का? आणि मराठीत या दोन्ही शब्दांचं काय करावं?

चुकून आलेला नाही. उलट या शब्दाने आपल्याकडचा एक जुना अर्थ जपून ठेवला आहे, आणि तो आपण विसरलो आहोत.

आपण भावार्थ हा शब्द शाळेत शिकलो. ‘पुढील ओळींचा भावार्थ तुमच्या शब्दांत लिहा’, चार गुण. तो कानावर पडला की मराठी माणसाला कवितेखालची ती मोकळी जागाच आठवते. भावार्थ म्हणजे तात्पर्य, सारांश, आतला अर्थ. गोव्याच्या कॅथलिक कोकणीत मात्र भावार्थ म्हणजे देवावरची श्रद्धा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (13:13) संत पौलाने टिकणाऱ्या ज्या तीन गोष्टी सांगितल्या, त्या मराठी बायबलात विश्वास, आशा आणि प्रीती अशा येतात. गोव्याच्या इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, त्याच तिघी म्हणजे भावार्थ, भर्वंसो आणि मोग. श्रद्धावान माणूस तो भावार्थी. ताईंच्या शेजारणीने पाठवलेली ओळ लूकच्या शुभवर्तमानातली (17:5) आहे. तिथे प्रेषित येशूला म्हणतात, आमचा विश्वास वाढवा.

माझं बालपण अशा वाड्यावर गेलं जिथे आमच्या घरासमोर तुळशीवृंदावन होतं आणि वळणावर खुरीस, म्हणजे क्रूस. मे महिन्यात खुर्साकडे लादाइन, म्हणजे सगळ्यांनी मिळून म्हणायची प्रार्थना, व्हायची. मेणबत्त्या, झेंडूच्या माळा, व्हायोलिन वाजवणारे एक म्हातारे गृहस्थ, आणि शेवटी कागदाच्या पुडीत उकडलेले चणे. आम्ही हिंदूंची मुलंही मागे उभी असायचो. तिथल्या एक आजी आम्हाला सांगायच्या, “भावार्थान मागात, देव दिता.” मी तेव्हा सहावी-सातवीत होतो आणि बरेच दिवस माझी अशी समजूत होती की या लोकांना प्रार्थनेचा अर्थ नीट समजून मागावं लागतं, नाहीतर मिळत नाही. आजी सांगत होत्या ते वेगळंच होतं, मनापासून माग, देईल असं धरून माग. तो फरक पुढे संतसाहित्य वाचताना उलगडला.

कारण हा अर्थ जुन्या मराठीतला आहे. भाव या एका शब्दात संतांनी सगळी भक्ती भरून ठेवली. ताईंच्या सासूबाई रोज म्हणत असतील ती ओळ घ्या, ‘भावेंवीण भक्ति भक्तिवीण मुक्ति । बळेंवीण शक्ति बोलूं नये’. इथला भाव म्हणजे नुसती भावना नव्हे. मन उचंबळून येतं आणि ओसरतं, तसा हा भाव नाही. तो देवापाशी धरलेला, धरून ठेवलेला असतो. जुन्या ओव्यांतून याच अर्थाने भावार्थ हे रूपही येतं. परमार्थ, पुरुषार्थ यांच्या पंगतीत ते सहज बसतं, आणि त्या दोन्ही शब्दांत अर्थ म्हणजे शब्दकोशातला अर्थ नव्हे, तर गाठायची गोष्ट. तसा भावार्थ म्हणजे भाव हेच ज्याचं सर्वस्व आहे ते. पुढे मराठीत विद्येच्या व्यवहारात तात्पर्याचा अर्थ बळावला आणि श्रद्धेचा अर्थ मागे पडला. इगर्जीच्या कोकणीत उलट झालं.

कोकणीला नुसता भाव का पुरला नाही, याबद्दल माझा एक अंदाज आहे. कोकणीत भाव म्हणजे भाऊ. रोज घरात ज्या शब्दाने धाकट्या-थोरल्याला हाक मारायची, त्याच शब्दाने श्रद्धा सांगायची तर घोटाळा व्हायचा. लांब रूप त्या कामी आलं असावं.

मराठीतून हा अर्थ पुरता गेलेला नाही, हेही ताईंनी सासूबाईंना सांगावं. आपण भाविक म्हणतो ना? आषाढीला पंढरपुरात भाविकांची गर्दी होते, शिरगावच्या लईराईच्या जत्रेला भाविक येतात. आणि गोव्यातली मराठी वर्तमानपत्रं 3 डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, जमणाऱ्यांनाही भाविकच लिहितात. 2024-25 मध्ये त्यांचं शव दर्शनासाठी ठेवलं होतं, तेव्हा तर हा शब्द रोज छापून येत होता. कुणालाही तो परका वाटला नाही. भाविक ज्या भावामुळे भाविक ठरतो, तोच शेजारणीच्या भावार्थात आहे.

इथे थोडं मागे जायला हवं. सोळाव्या-सतराव्या शतकात मिशनऱ्यांनी गोव्यात ख्रिस्ती धर्म लोकभाषेत सांगायला घेतला, तेव्हा त्यांच्यापुढे रोज हाच प्रश्न असणार जो आज ताईंपुढे आहे. काही गोष्टींना त्यांनी पोर्तुगीज नावंच ठेवली आणि लोकांनी ती आपल्या जिभेवर घोळवून घेतली. इगर्ज, मीस (चर्चमधली मुख्य उपासना), पाद्री, वांजेल (शुभवर्तमान), साक्रामेंत (संस्कार), शेर्मांव (प्रवचन). या बहुतेक दिसणाऱ्या, करायच्या, ऐकायच्या गोष्टी आहेत. मनाच्या आत घडणाऱ्या गोष्टींना मात्र घरचे शब्द मिळाले. कृपेचं कुर्पा झालं, ‘नमान मारिये, कुर्पेन भरलेले’ या प्रार्थनेत ते रोज येतं. स्वामीचं सोमी झालं, शिष्याचं शीस. पापाला पातक. तारणाऱ्याला सोडवणदार, म्हणजे सोडवणारा, आणि मला हा शब्द तारणहारापेक्षाही जवळचा वाटतो. ही विभागणी काटेकोर नाही, कारण पापाची कबुली ही किती आतली गोष्ट, तरी तिला कुमसार हा पोर्तुगीजातून आलेलाच शब्द राहिला. पण श्रद्धेसाठी फे हा पोर्तुगीज शब्द हाताशी असूनही तो तोंडी रुजला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

त्या मिशनऱ्यांपैकी फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि 1619 मध्ये वारले. त्यांचं क्रिस्तपुराण 1616 मध्ये गोव्यातल्या सासष्टीत रायतूरला छापलं गेलं, रोमी लिपीत, पण भाषा मराठी आणि छंद ओवी. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द वापरला आहे. ज्या माणसाला स्वर्ग सांगताना वैकुंठ म्हणावंसं वाटलं, त्याला ठाऊक होतं की ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून जे घर आहे, त्याच घराच्या दारातून आत जावं लागतं. ताई रोज सकाळी करतात ते काम तेच आहे, फक्त उलट दिशेने.

आता मराठीत काय लिहावं? ‘आमचा भावार्थ वाढव’ असं जसंच्या तसं लिहू नये. सासूबाईंचा झाला तोच समज प्रत्येक मराठी वाचकाचा होईल. ‘आमचा भाव वाढव’ हे तर मुळीच नको, कारण मराठीत भाव वाढतो तो कांद्याचा आणि सोन्याचा. देवापाशी भाव धरतात, ठेवतात, तो जडतो, दृढ होतो. कुठल्या नामाला कुठलं क्रियापद चालतं, यावर भाषांतराचं निम्मं यश असतं.

मग उरतात विश्वास आणि श्रद्धा. विश्वास माणसावर ठेवता येतो, शब्दावर, वचनावर, नावाड्यावरही. श्रद्धेत पूज्यभाव आला. त्यामुळे श्रद्धा हाच उंच शब्द वाटतो, आणि तो आहेही. लॅटिनमध्ये धर्ममताच्या उच्चाराला क्रेदो म्हणतात, ‘मी विश्वास ठेवतो’. हा क्रेदो आणि आपली श्रद्धा ही एकाच आदिभाषेतल्या शब्दाची दोन लेकरं आहेत, आणि त्याच्या मुळाशी ‘हृदय ठेवणे’ असा अर्थ अनेक अभ्यासक मानतात. तरीही बायबलच्या या वचनासाठी मी विश्वासच घेईन. मराठी बायबलात तो रुळला आहे हे एक कारण. दुसरं असं की बायबलातला हा विश्वास बहुतेक वेळा कुणाच्या तरी शब्दावर विसंबणं असतो. अब्राहाम म्हातारपणी दिलेल्या वचनावर विसंबून घर सोडून निघतो. मार्कच्या शुभवर्तमानात (9:24) आजारी मुलाचा बाप ओरडून सांगतो की माझा विश्वास आहे, माझ्या अविश्वासाला मदत कर. या बापाच्या तोंडी श्रद्धा आणि अश्रद्धा घालून पाहा, वाक्य थंड पडतं. तो पूजेला आलेला नाही. तो पोराला हातात धरून उभा आहे आणि समोरच्याच्या शब्दावर सगळं टाकून देतो आहे.

कोकणीत नाम भावार्थ असलं तरी क्रियापद वेगळं आहे, हेही नोंदवतो. विश्वास ठेवतो हे सांगताना तिथे ‘हांव सत मानतां’ म्हणतात, मी सत्य मानतो. नाम हृदयातून आलं आणि क्रियापद सत्यातून. शेजारणीच्या ओळींत हे क्रियापद आलं तर मराठीत ‘विश्वास ठेवतो’ करावं. ‘खरं मानतो’ बरोबरच आहे, पण मराठीत त्याला थोडा वादाचा वास येतो. आणि भर्वंसो आला तर सावध राहावं. तिथे तो आशा आहे, आपल्याकडे भरवसा म्हणजे खात्री. मराठी बायबलात इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायाचं पहिलं वचन विश्वासाची व्याख्या करताना आशा आणि भरवसा हे दोन्ही शब्द शेजारी आणून बसवतं, त्यामुळे घोटाळा सहज होईल.

आता नियाळ. हा शब्द वाचून मला झालेला आनंद मी लपवणार नाही, कारण तो आपल्या न्याहाळणेचा सख्खा भाऊ आहे. संस्कृत निभालन, म्हणजे नीट पाहणं. प्राकृतात भ चा ह झाला, जुन्या मराठीत निहाळणे, मग न्याहाळणे. कोकणीत तेच नियाळप, पण अर्थ डोळ्यांवरून मनाकडे सरकला, एखाद्या गोष्टीकडे मनाने टक लावून पाहणं. आपण बाळाचा चेहरा न्याहाळतो, गाभाऱ्यातली मूर्ती न्याहाळतो. तिथे घाई नसते, काही शोधून काढायचं नसतं. रोजच्या वचनाजवळ असंच थांबायचं, हे तो शब्द सांगतो. मनन-चिंतनात विचार आला, नियाळात पाहणं आलं.

मोबाईलने दिलेलं प्रतिबिंब चूकच आहे. रिफ्लेक्शन या इंग्रजी शब्दाला आरशातला आणि मनातला असे दोन अर्थ आहेत, त्यातला आरशातला त्याने उचलला. गंमत नव्हे, खरोखरच हा आरसा बायबलातही आहे. याकोबाच्या पत्रात (1:23-25) म्हटलं आहे की जो वचन नुसतं ऐकतो आणि तसं वागत नाही, तो आरशात तोंड पाहून निघून जाणाऱ्या माणसासारखा, लगेच आपलं रूप विसरणारा. पण जो त्या नियमाकडे लक्ष लावून पाहतो आणि तसा वागतो, तो धन्य. वरवर पाहून निघून जाणारा आणि नियाळणारा, असे हे दोघे. शिष्य होणं याच दुसऱ्यात येतं. शीस हा शब्द शिकणाऱ्याचा आहे, आणि शिकणारा एकदा पाहून निघून जात नाही.

मथळ्याला मराठीत ‘आजचे मनन’ चालेल. ख्रिस्ती परंपरेत वचनाच्या वाचनाच्या चार पायऱ्या सांगतात, वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन, त्यातल्या दुसरीशी हा शब्द नीट जुळतो. ‘प्रवचन’ नको, ते ऐकवायचं असतं. ‘बोध’ही नको, तो पाहण्याआधीच निष्कर्ष देतो. पण ताई, तुम्ही गोव्यात आहात आणि ऐकणाऱ्या सासूबाईही गोव्याच्याच. तुमच्या घरात मी ‘आजचा नियाळ’ असंच ठेवेन. एकदा न्याहाळणेशी जोडून सांगितलंत की पुढे विचारावं लागणार नाही.

आणि त्या ओळीचं मराठी वहीत लिहून ठेवायचं तर ‘प्रभो, आमचा विश्वास वाढव’. सासूबाईंना वाचून दाखवताना मात्र ‘प्रभो, आमचा भाव दृढ कर’ म्हणा. हरिपाठातला भाव त्यांच्या तोंडी आहेच.