सीट मागे सरकवली. गाडी आता कायद्यात बसते का?

प्रश्न: मी मनीषनगरला राहतो आणि रोज गाडीने बुटीबोरीला कामावर जातो. उंची सहा फूट दोन इंच. माझ्या छोट्या गाडीत गुडघे स्टिअरिंगखाली अडकायचे, म्हणून सीटकव्हरच्या एका दुकानदाराकडून ड्रायव्हरची सीट पट्ट्या वेल्ड करून तीन इंच मागे घेतली. शेजारी त्याने एका मोठ्या गाडीची जुनी सीट बसवली, माझी मूळ सीट अदलाबदलीत ठेवून घेतली आणि वर अठरा हजार रुपये घेतले. तेव्हापासून एअरबॅगचा दिवा विझत नाही. सर्व्हिस सेंटरने जॉबकार्डवर ‘अनधिकृत बदल’ असं लिहून वॉरंटी नाकारली. दुकानदार म्हणतो, ‘काही होत नाही जी, सगळेच करतात.’ आरटीओने पकडलं तर काय होईल? पुढच्या महिन्यात विमा संपतोय, त्याचं काय? आणि पैसे परत मिळतील का? आमचे शेजारी तर म्हणतात, ‘अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून घ्या, मग बदल चालतो.’ ते खरं का?

उत्तर: चालानाची काळजी तुम्हाला जास्त वाटते आहे, पण तुमच्या पत्रातली सगळ्यांत गंभीर गोष्ट तो न विझणारा दिवा आहे. अनेक गाड्यांत पुढच्या सीटखालून एअरबॅगच्या आणि बेल्टच्या वायरी जातात, काही गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या पाठीतच असते, आणि बेल्टचं कुलूप बहुधा सीटच्या सांगाड्यालाच बसवलेलं असतं. म्हणजे सीट बदलली की बेल्टची एक बाजूही बदलली. तुमची स्वतःची सीट तीन इंच मागे गेली, पण दाराच्या खांबावरचा बेल्टचा वरचा टेकू जिथल्या तिथेच राहिला. त्यामुळे बेल्ट खांद्यावर घट्ट बसण्याऐवजी खांद्याच्या पुढून येत असणार. आज गाडीत बसून तपासा. दिवा लागलेला असताना धडक झाली तर एअरबॅग उघडेलच, असं धरून चालता येत नाही. वर्धा रोडवर रोज ही गाडी घेऊन जाऊ नका.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीतले तपशील आणि उत्पादकाने मुळात दिलेले तपशील यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ ला हेच ठामपणे सांगितलं. त्यावरून ‘आता साधं सीटकव्हरसुद्धा बेकायदा’ अशी आवई उठली होती, ती खोटी. कलमाच्या स्पष्टीकरणात ‘बदल’ म्हणजे गाडीच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. कव्हर, फोम, उशी यांना कोणी हात लावत नाही. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटची अस्सल सीट, त्याच बोल्टांवर, त्याच जोडण्यांसह बसवली तर माझ्या मते तोही या कलमाखालचा बदल नाही. मागची सीट काढून आसनसंख्या पाचाची दोन केली, तर मात्र आरसीशी थेट विसंगती येते. तुमचं प्रकरण या दोन्हींच्या मधलं आहे. आसनसंख्या तीच आहे, त्यामुळे बचावाला जागा आहे. पण फरशीवर केलेलं वेल्डिंग रचनेतला फेरफार नाही, हे कोणत्याही अधिकाऱ्याला पटवणं कठीण जाईल.

शिक्षा कलम १८२अ च्या पोटकलम ४ मध्ये आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. तुमच्याकडे दोन बदल मोजले जाऊ शकतात. शिवाय गाडी रस्त्यावर धोकादायक ठरली तर कलम ५३ खाली, तुमचं म्हणणं ऐकून घेऊन, नोंदणी निलंबित करता येते. आरटीओच्या वायुवेग पथकाने (रस्त्यावर गाड्या तपासणाऱ्या पथकाने) हात दाखवला तर सीटकडे त्यांचं लक्ष पहिल्यांदा जाईल असं नाही. पण अपघात झाला की पंचनामा होतो आणि गाडीची तांत्रिक तपासणी होते, आणि वेल्डिंग लपत नाही.

तुमच्या पत्राच्या शेवटी शेजाऱ्यांनी सुचवलेला एक उपाय आहे: ‘अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून घ्या, मग बदल चालतो.’ तो उपाय विसरा. शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी आणि केवळ तिच्याच वापरासाठी गाडीत बदल करण्याची सोय कायद्यात खरोखर आहे, पण उंच असणं हे अपंगत्व नव्हे. खोटं प्रमाणपत्र काढलंत तर आजच्या भानगडीपेक्षा मोठी भानगड होईल.

विम्याबद्दल. तुमच्या गाडीने दुसऱ्या कोणाला इजा झाली, तर नुकसानभरपाई नाकारायला विमा कंपनीकडे कलम १५० मधली मोजकीच कारणं असतात आणि सीट बदलणं त्या यादीत नाही. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा वेगळा. तिथे ‘बदल कळवला नाही’ हा आक्षेप नक्की येईल. पॉलिसीची अट मोडली तरी दावा पूर्ण न फेटाळता ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये एका प्रकरणात म्हटलं आहे. पण त्यासाठी भांडावं लागतं. तुमचा मार्ग सोपा आहे. नूतनीकरणाआधी गाडी मूळ स्थितीत आणा, म्हणजे कळवायला काही उरत नाही. तोवर प्रस्तावात ‘बदल नाही’ या चौकटीवर खूण करू नका.

वॉरंटीवर फार शब्द घालवत नाही. सीट, बेल्ट, एअरबॅग आणि त्यांच्या वायरिंगपुरता सर्व्हिस सेंटरचा नकार टिकेल. उद्या एसी किंवा क्लचचं काम याच कारणाने नाकारलं, तर बिघाडाचा सीटशी संबंध काय, ते लेखी मागा.

आता दुकानदार. इथे तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. कायद्यातल्या ‘डीलर’ या शब्दात गाड्यांची दुरुस्ती करणाराही येतो, आणि डीलरने नियमाविरुद्ध गाडीत बदल केला तर कलम १८२अ च्या पोटकलम १ मध्ये एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रति वाहन एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही आहे. सीटकव्हरवाला दुरुस्ती करणारा ठरतो का, यावर त्याचा वकील वाद घालेल, घालू द्या. ‘सगळेच करतात’ हा बचाव मात्र कोणत्याही कोर्टात चालत नाही.

त्याला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि पंधरा दिवसांची मुदत द्या. मागणी पैशांपासून सुरू करू नका, मूळ सीटपासून करा. ती त्याने विकली असेल तर त्याच मॉडेलच्या नव्या अस्सल सीटची किंमत मागा; त्यासाठी अधिकृत विक्रेत्याचं कोटेशन आधी घ्या. मग अठरा हजार, वेल्डिंग काढून सीट पूर्ववत बसवण्याचा खर्च, आणि मानसिक त्रासाची झेपेल एवढी रक्कम. लोक इथे पाच लाख लिहितात आणि स्वतःच्याच तक्रारीचं वजन घालवतात.

उत्तर आलं नाही तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथे तक्रार करता येते, मुदत दोन वर्षांची आहे, आणि तुम्ही दुकानदाराला दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून पाहा. कधी कधी तेवढ्यानेच दुकानदार फोन करतो. पक्कं बिल नाही म्हणून घाबरू नका. यूपीआयची नोंद, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि ते जॉबकार्ड पुरेसं आहे. मोबाइलमधल्या पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याचा मसुदा तुमचा वकील करून देईल. जॉबकार्डवरच्या ज्या शेऱ्याचा तुम्हाला राग आला, तोच तुमचा सगळ्यांत चांगला पुरावा आहे.

एक चूक मात्र करू नका: त्याच्यावर चिडून वेल्डिंग लगेच कापून टाकू नका. आधी दोन्ही सीटचे, पट्ट्यांचे आणि पेटलेल्या दिव्याचे फोटो-व्हिडिओ काढा. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी अहवाल घ्या, शक्य असेल तर परवानाधारक विमा सर्व्हेअरकडूनही. तपासणीला गाडी टो करून न्या आणि टोईंगची पावती जपून ठेवा. तो खर्चही नोटिशीत लिहिता येईल. अहवाल हातात आला की वेल्डिंग काढून मूळ सीट, ती मिळाली नाही तर त्याच मॉडेलची अस्सल सीट लावून घ्या, नोटिशीच्या उत्तराची वाट पाहत बसू नका.